आसामातून नाशिकला आलेली कुत्री, हार्टवर्मची महिन्याची गोळी आणि "इथे गरज नाही" हा सल्ला

मोगरा_देवळाली

नमस्कार. ह्यांची बदली मे महिन्यात तेजपूरहून देवळालीला झाली. सोबत आमची बिजली आली आहे. तीन वर्षांची, तिथल्याच रस्त्यावरून उचललेली गावठी कुत्री, वजन १८ किलो. आसामात तिच्या डॉक्टरांनी सुरुवातीलाच बजावलं होतं की हार्टवर्मची, म्हणजे डासांतून पसरणाऱ्या हृदयातल्या कृमींसाठीची, महिन्याची गोळी चुकवायची नाही. त्या भागात हा आजार खरोखर दिसतो. आमच्या क्वार्टर्समधल्या एका लॅब्राडॉरला आधी खोकला लागला, मग तो फिरायला जायचं टाळू लागला, शेवटी पोटात पाणी झालं आणि गेला. तेव्हापासून गोळीची तारीख मी कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिते.

इथे एका दुकानात तीच गोळी मागितली तर उत्तर मिळालं, "नाशिकला हार्टवर्म नसतो, तीन महिन्यांनी जंताची गोळी द्या, पुरे." शेजारच्यांचंही तेच म्हणणं. पावसाळा लागलाय, घरामागे नाला आहे, संध्याकाळी दार उघडं ठेवता येत नाही इतके डास.

खरंच बंद करू का? आणि जंताच्या गोळीत हार्टवर्मचं औषध असतं का? अनुभवी लोकांनी कृपया सांगा.

सिडकोकर

आमचा जर्मन शेफर्ड आहे. दर तीन महिन्यांनी जंताची गोळी आणि गोचिडांसाठी ती चघळायची महागडी गोळी, दोन्ही नियमित. सगळं यात आलं असं मी धरून चाललो होतो. डॉक्टर मंडळी कुणी असतील तर मलाही उत्तर हवंय.

निवृत्त_पशुवैद्य

मोगराताई, गोळी बंद करू नका. सिडकोकर, तुमच्या दोन्ही गोळ्यांत हार्टवर्मचं औषध बहुधा नाही. सविस्तर लिहितो, कारण हा गैरसमज मी नोकरीत असताना सतत पाहिला आणि तो कुत्र्याच्या जिवावर बेततो.

हार्टवर्म म्हणजे डायरोफिलेरिया इमिटिस ही कृमी. ती आतड्यात राहत नाही. वाढलेल्या कृमी हृदयाकडून फुप्फुसाकडे जाणाऱ्या धमन्यांत राहतात आणि संख्या फार वाढली की हृदयाच्या उजव्या बाजूत उतरतात. मादी २५ ते ३० सेंटिमीटर लांब होते, शाळेतल्या फूटपट्टीएवढी. कुत्र्याच्या शरीरात ती ५ ते ७ वर्षं जगते आणि तेवढा काळ रक्तात सूक्ष्म पिल्लं सोडत राहते. त्यांना मायक्रोफिलेरिया म्हणतात. डास अशा कुत्र्याला चावला की ती डासाच्या पोटात जातात. तिथे हवा उबदार असेल तर साधारण १० ते १४ दिवसांत ती संसर्ग करू शकणाऱ्या अळ्या होतात. तोच डास दुसऱ्या कुत्र्याला चावला की अळ्या चाव्याच्या जागेतून आत शिरतात. डासाशिवाय ही साखळी पूर्ण होत नाही. एका ताटलीत जेवल्याने, चाटल्याने, एकत्र झोपल्याने हा रोग लागत नाही.

आत शिरलेली अळी लगेच हृदयात जात नाही. सुरुवातीचे आठवडे ती कातडीखाली आणि स्नायूंत असते, तिथे कात टाकते. साधारण ५० ते ७० दिवसांनी ती तरुण कृमी होते, मग रक्तात शिरून फुप्फुसाच्या धमन्यांपर्यंत पोहोचते. मादीने पिल्लं सोडायला लागेपर्यंत सहा-सात महिने गेलेले असतात.

महिन्याची गोळी फक्त या पहिल्या टप्प्यातल्या अळ्या मारते. म्हणून तिचं काम समजून घ्या. आज दिलेली गोळी पुढचा महिना राखण करणार, असं बहुतेकांना वाटतं. तोंडाने द्यायच्या बहुतेक गोळ्या प्रत्यक्षात मागच्या महिन्याभरात शिरलेल्या अळ्या संपवतात. दोन-तीन महिने खंड पडला की त्या काळात शिरलेल्या अळ्या औषधाच्या टप्प्याबाहेर जातात, आणि मग कितीही नियमित गोळी दिली तरी त्या मोठ्या होतातच.

आता जंताच्या गोळीबद्दल. तीन महिन्यांनी जी देतो तिच्यात पायरँटेल, प्राझिक्वांटेल, फेबँटेल किंवा फेनबेंडाझोल असतं. ही औषधं आतड्यातल्या गोलकृमी, हुककृमी, पट्टकृमींसाठी. हार्टवर्मच्या अळ्यांना ती रोखत नाहीत. गोचिडांच्या चघळायच्या गोळीत नुसतं फ्लुरालेनर, ॲफॉक्सोलेनर किंवा सारोलेनर असेल तर ती गोचीड आणि पिसवांपुरतीच.

पाकीट उलटून घटक वाचा. आयव्हरमेक्टिन, मिल्बेमायसिन, मॉक्सिडेक्टिन, सेलामेक्टिन या चारपैकी एक नाव दिसलं आणि सोबत हार्टवर्म प्रतिबंधाचा उल्लेख असला तरच ते औषध या कामाचं. काही नव्या गोळ्यांत गोचिडांचं आणि हार्टवर्मचं औषध एकत्र असतं, त्यामुळे नुसत्या ब्रँडच्या नावावर जाऊ नका. एकाच नावाच्या दोन पाकिटांत फरक असू शकतो.

सिडकोकर

डॉक्टर, आत्ता डबा काढून बघितला. नुसतं ॲफॉक्सोलेनर. जंताच्या गोळीत पायरँटेल आणि प्राझिक्वांटेल. म्हणजे हार्टवर्मसाठी काहीच नाही! उद्याच हे औषध आणून सुरू करू का?

निवृत्त_पशुवैद्य

आधी रक्त तपासा. सात महिन्यांपेक्षा मोठ्या कुत्र्याला, आधी कधी प्रतिबंध दिलेला नसेल, तर तपासणीशिवाय सुरू करू नये. रक्तात मायक्रोफिलेरिया भरपूर असतील आणि औषधाने ती एकदम मेली, तर कुत्र्याला झटका बसल्यासारखी अवस्था येऊ शकते. मिल्बेमायसिनच्या बाबतीत हे विशेष सांभाळायचं.

तपासणी दोन प्रकारची. अँटिजेन किटला रक्ताचे थोडे थेंब लागतात आणि निकाल काही मिनिटांत मिळतो. ते वाढलेल्या मादीचा अंश पकडतं. दुसरी सूक्ष्मदर्शकाखालची, मायक्रोफिलेरिया शोधण्याची. तिच्यात नुसता एक थेंब काचेवर पसरून बघण्यापेक्षा नॉट पद्धत चांगली: १ मिलिलिटर रक्त फॉर्मॅलिनच्या पातळ द्रावणात मिसळून, फिरवून, खाली बसलेला गाळ तपासायचा. दोन्ही तपासण्या एकमेकींना पूरक आहेत. नुसते नर असतील किंवा कृमी अजून लहान असतील तर अँटिजेन किट काहीच दाखवणार नाही.

आणखी एक. आपल्याकडे काचेवर मायक्रोफिलेरिया दिसली म्हणजे हार्टवर्मच, असं नसतं. कातडीखाली राहणारी डायरोफिलेरिया रेपेन्स आहे, पिसवांमधून पसरणारी ॲकँथोकायलोनेमा रेकॉन्डिटम आहे. तिघींची पिल्लं पाहताना सारखीच वाटतात. लांबी-रुंदी मोजून, डोकं-शेपटी पाहून फरक करावा लागतो. रिपोर्टवर नुसतं "मायक्रोफिलेरिया पॉझिटिव्ह" लिहून आलं तर कोणती जात हे विचाराच, कारण पुढचा सगळा उपचार त्यावर ठरतो.

मोगरा_देवळाली

डॉक्टर, मनापासून आभार. बिजलीची शेवटची गोळी आसामात एप्रिलच्या अखेरीस झाली. मेमध्ये सामान, प्रवास, तीन दिवस रेल्वे. जूनमध्ये इथे गोळी मिळाली नाही. म्हणजे निघायच्या आधीच्या दिवसांत तिला डास चावले असतील तर?

निवृत्त_पशुवैद्य

तोच मुद्दा आहे. तिथून निघण्याआधी शिरलेल्या अळ्या इथे आल्यानंतरच्या गोळीने मरायला हव्या होत्या. म्हणून आता वेळ घालवू नका. या आठवड्यात रक्त तपासून घ्या, किट आणि मायक्रोफिलेरिया दोन्ही, आणि स्वच्छ आलं की लगेच गोळी द्या. मात्र मे महिन्यात काही शिरलं असेल तर ते आजच्या तपासणीत दिसणार नाही. सहा महिन्यांनी पुन्हा तपासा. त्यानंतर वर्षातून एकदा.

आता "नाशिकला नसतो" याबद्दल. देशात डायरोफिलेरिया इमिटिसच्या नोंदी ईशान्येकडून अधिक आल्या आहेत, आसाम आणि मिझोराम त्यात ठळक. केरळात रेपेन्सची चर्चा जास्त होते, कारण ती माणसाच्या डोळ्यात आणि कातडीखालीही सापडते. आपल्या भागात धोका ईशान्येपेक्षा कमी आहे, हे मी मान्य करतो. पण रोग पसरायला लागतं काय? बाधित कुत्रा आणि डास. डास आपल्याकडे मुबलक आहेत. देवळालीत तोफखान्याचं स्कूल आहे, छावणी आहे, देशभरातून कुटुंबं येतात आणि कुत्री बरोबर आणतात. परप्रांतातून पिल्लं विकत घेणारे वेगळेच. बाहेरून आलेला एक बाधित कुत्रा नाल्याकाठी राहिला तर आजूबाजूच्या डासांना संसर्ग तिथेच मिळतो. बिजलीला गोळी दिल्याने शेजारच्या कुत्र्यांचंही भलं आहे.

ह्यूस्टनहून_नाशिककर

मूळ गंगापूर रोडचा, आता टेक्ससमध्ये. इथे हा विषय घराघरात आहे. आखाताचा किनारा आणि मिसिसिपीचं खोरं हा अमेरिकेतला हार्टवर्मचा सर्वात वाईट पट्टा. प्रतिबंधाचं औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि दर वर्षी रक्ततपासणी करायला सांगतात. अमेरिकन हार्टवर्म सोसायटीचा सल्ला वर्षाचे बाराही महिने औषध द्या असा आहे. २००५ मध्ये कतरिना वादळानंतर तिथली बेघर कुत्री प्रेमाने देशभर नेली गेली, आणि त्यांच्यासोबत हार्टवर्मही नव्या ठिकाणी गेला, असं इथले डॉक्टर सांगतात. मोगराताईंचा प्रश्न वाचून तेच आठवलं.

शेजाऱ्यांच्या कुत्रीचा उपचार मी जवळून पाहिलाय. आधी डॉक्सिसायक्लिनचा महिनाभराचा कोर्स. कृमीच्या शरीरात वोल्बाखिया नावाचे जिवाणू राहतात, ते त्याने मरतात आणि कृमी दुबळी होते. मग कमरेच्या स्नायूंत खोलवर मोठ्या कृमी मारणाऱ्या मेलारसोमिनची तीन इंजेक्शनं, पहिल्यानंतर महिन्याने लागोपाठ दोन दिवस. आणि सगळ्यात कठीण भाग विश्रांतीचा. मेलेल्या कृमींचे तुकडे फुप्फुसात अडकतात, कुत्रा धावला तर जीव जाऊ शकतो. कित्येक महिने तिला पिंजऱ्यात ठेवलं होतं, बाहेर जाणं फक्त पट्ट्याला धरून शी-शूपुरतं. खेळकर कुत्री, रात्री रडायची. ती वाचली. पण ते पाहिल्यावर महिन्याच्या गोळीचा खर्च मला कधीच जड वाटला नाही.

निवृत्त_पशुवैद्य

आणि मेलारसोमिन आपल्याकडे सहज मिळत नाही. इथे बहुतेकदा डॉक्सिसायक्लिन आणि मॉक्सिडेक्टिन किंवा आयव्हरमेक्टिन यांवर कृमी हळूहळू मारत जावं लागतं. त्यात महिनोन्‌महिने जातात आणि तोवर धमन्यांची हानी चालूच राहते. भारतात प्रतिबंधाचं मोल त्यामुळे अधिकच.

द्राक्षबाग

निफाड तालुका. आमच्याकडं बागेत तीन कुत्री, राखणीची. शेततळं आहे, डास भरपूर. हे आयव्हरमेक्टिन म्हणजे जनावरांना गोचिडांसाठी देतो तेच ना? त्याची बाटली गोठ्यात कायम असते. त्यातलंच अर्धा-एक मिली दिलं की झालं, आमच्याकडं बरेच जण तसंच करतात. महिन्याला तीन गोळ्या घेणं परवडत नाही.

निवृत्त_पशुवैद्य

दादा, ते करू नका. कळकळीने सांगतो. आकडे देतो, तुम्ही स्वतः हिशेब करा.

हार्टवर्म प्रतिबंधाला आयव्हरमेक्टिन किलोमागे ६ मायक्रोग्रॅम लागतं. २० किलोच्या कुत्र्याला १२० मायक्रोग्रॅम. जनावरांचं इंजेक्शन १ टक्क्याचं असतं, म्हणजे १ मिलीमध्ये १० मिलिग्रॅम, १० हजार मायक्रोग्रॅम. तुमच्या कुत्र्याला लागणारं औषध झालं ०.०१२ मिली. एवढं साध्या सिरिंजने नीट मोजता येत नाही. अर्धा मिली दिलं तर गरजेच्या ४० पटींहून जास्त गेलं. माणसांच्या १२ मिलिग्रॅमच्या गोळीचंही तेच. २० किलोच्या कुत्र्याला ती शंभर मात्रांएवढी.

काही कुत्र्यांत एमडीआर१ नावाच्या जनुकात दोष असतो. कॉली, शेल्टी, ऑस्ट्रेलियन शेफर्ड आणि त्यांचे संकर यांत तो अधिक दिसतो. अशा कुत्र्यांच्या मेंदूत जास्त मात्रेचं आयव्हरमेक्टिन शिरतं. तोल जातो, बाहुल्या मोठ्या होतात, लाळ गळते, दिसेनासं होतं, कुत्रा बेशुद्ध पडतो. त्यावर खास उतारा नाही. सलाइन आणि शुश्रूषा करत वाट बघावी लागते. दोष नसलेल्या कुत्र्यालाही फार मोठ्या मात्रेने विषबाधा होते. उलट ६ मायक्रोग्रॅमची प्रतिबंधक मात्रा कॉलीलाही सुरक्षित आहे. म्हणून कुत्र्यांसाठी वजनाच्या गटानुसार बनवलेलं औषधच वापरा. गोळीचा खर्च मी समजतो, पण गोठ्यातली बाटली त्याला पर्याय नाही.

या औषधाचा मूळ जिवाणू जपानमधल्या मातीत सापडला. सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना त्यासाठी २०१५ चं नोबेल मिळालं, आणि १९८७ मध्ये कुत्र्यांच्या हार्टवर्मसाठी महिन्याची गोळी बाजारात आली. त्याआधी डायएथिलकार्बामाझिन रोज द्यावं लागायचं. एवढं मोठं औषध हाती असताना ते अंदाजपंचे टोचलं जातं याचं मला फार वाईट वाटतं.

द्राक्षबाग

समजलं डॉक्टर. बाटली कुत्र्यांपासून लांबच ठेवतो. गावात अजून चार जणांना हा हिशेब दाखवतो. पण एक सांगा, आमच्याकडं डिसेंबर-जानेवारीत कडाका असतो, पारा एक आकडी होतो. तेवढे दोन महिने गोळी थांबवली तर पैसे वाचतील.

निवृत्त_पशुवैद्य

प्रश्न रास्त आहे. डासाच्या पोटात अळीची वाढ १४ अंश सेल्सियसच्या खाली थांबते. त्याच्या वर दिवसाचं सरासरी तापमान जितके अंश, तेवढी एकके रोज जमा होतात असं मानतात, आणि १३० एकके जमली की अळी तयार. जुलै-ऑगस्टमध्ये सरासरी २५ धरली तर रोज ११ एकके, साधारण १२ दिवसांत काम झालं. थंडीत रात्री १० आणि दुपारी २८ असेल तर सरासरी १९, रोज ५ एकके, २६ दिवस. डासाचं आयुष्य या गणितात ३० दिवसांपर्यंत धरतात. म्हणजे कडाक्याच्या थंडीतही काठावर का होईना वाढ पूर्ण होऊ शकते. शिवाय डास बाहेर बसत नाही, तो गोठ्यात, गटारात, घराच्या उबेत असतो. आणि मघाशी लिहिलं तसं, डिसेंबरची गोळी नोव्हेंबरच्या चाव्यांसाठी असते. पैसे वाचवायला थंडीतला खंड हा मार्ग मला पटत नाही.

हिशेबी_नाशिककर

थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नये. नाशिकमध्ये कुत्री मरतात ती गोचिडतापाने. एर्लिकिया, बेबेसिया. प्रत्येक दवाखान्यात पावसाळ्यात प्लेटलेट घसरलेली कुत्री सलाइनवर दिसतात. पार्व्होने पिल्लं जातात. मध्यमवर्गीय माणसाने आधी त्यावर खर्च करायचा की इथे क्वचित दिसणाऱ्या रोगावर?

निवृत्त_पशुवैद्य

राग कसला. क्रम तुम्ही बरोबर लावलात. रेबीजची लस, पार्व्हो-डिस्टेंपरची लस, गोचिडांचा बंदोबस्त, आतड्यातले जंत, हे आधी. ते सोडून कुणी हार्टवर्मची गोळी आणली तर मीही त्यांना थांबवेन.

पण क्वचित दिसतो, याचं एक कारण आपण शोधतच नाही हेही आहे. खोकणारा, दमणारा, वजन उतरलेला कुत्रा आला की हृदयाचा आजार किंवा न्यूमोनिया समजून उपचार होतात, अँटिजेन किट क्वचित वापरलं जातं. सुरुवातीला तर लक्षणंच नसतात. अगदी शेवटी पोटात पाणी, चक्कर, आणि कृमी हृदयाची वाट अडवतात तेव्हा कॉफीच्या रंगाची लघवी. त्या टप्प्यावर शस्त्रक्रियेने कृमी बाहेर काढणं हाच खरा उपाय उरतो.

म्हणून मी सरसकट सगळ्यांना एकच सांगणार नाही. ईशान्य भारत, बंगाल, ओडिशा किंवा किनारपट्टीवरून आलेला कुत्रा असेल तर गोळी आणि तपासणी दोन्ही हवं, त्यात तडजोड नाही. नदीकाठी, नाल्याकाठी, शेतात बाहेर झोपणारा कुत्रा असेल तर गोळी द्यावी. सहाव्या मजल्यावरचा, खिडक्यांना जाळ्या असलेला, फक्त सकाळी फिरणारा कुत्रा असेल तर निदान वर्षातून एकदा रक्त तपासा आणि तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. गोचिडांची गोळी विकत घेताच आहात, तर त्याऐवजी दोन्हींचं एकत्र औषध घेतलं की जादा बोजा बराच कमी होतो. सिडकोकर, तुम्हीही हेच विचारा.

आनंदवल्लीची_माई

मी सोमेश्वर-आनंदवल्ली भागात रस्त्यावरच्या कुत्र्यांना रोज खायला घालते. नसबंदी झालेल्यांच्या कानाला खूण आहे, त्यांना नावं दिली आहेत, मला ओळखतात. वाचून जीव खालीवर होतोय. यांचं काय करायचं? भातात औषध कालवून दिलं तर चालेल का?

निवृत्त_पशुवैद्य

माई, भातात कालवू नका. एक दोघांचं खाईल, दुसऱ्याला काहीच मिळणार नाही, आणि कोणाच्या पोटात किती गेलं हे कळणार नाही. हातात येणारी, अंगाला हात लावू देणारी जी चार-दोन असतील त्यांची तपासणी करून, त्यांच्या मानेवर खांद्यांच्या मधोमध सेलामेक्टिन किंवा मॉक्सिडेक्टिनचं थेंबाचं औषध लावता येतं. केस बाजूला सारून कातडीवर लावायचं. औषध कातडीत मुरेपर्यंत अंघोळ आणि पाऊस टाळायचा, किती वेळ ते पाकिटावर लिहिलेलं असतं. पावसाळ्यात त्यांना तेवढा वेळ आडोसा द्यावा लागेल.

थोड्या कुत्र्यांना नियमित देता येत असेल तर तेवढ्यांनाच द्या. सगळ्यांना एखाद-दुसऱ्या वेळी देऊन हार्टवर्मच्या बाबतीत काही साधत नाही.

बाकीच्यांसाठी डास कमी करणं हे तुमच्या हातात आहे. उन्हापावसात डासाची अंडी ते डास हा प्रवास आठ-दहा दिवसांत होतो. कुत्र्यांसाठी ठेवलेली पाण्याची कुंडी रोज उपडी करून घासून भरा. टायर, फुटके माठ, बंद कूलर, कुंड्यांखालच्या बशा आठवड्यातून एकदा कोरड्या करा. सिंहस्थाच्या कामांनी रस्त्यांच्या कडेला खड्डे झालेत, त्यांत पाणी साचतं. ते बुजवण्यासाठी वॉर्डात तक्रार करा. टाक्या, हौद, शेततळी यांत गप्पी मासे सोडा. हेच डास डेंग्यू आणि हत्तीरोगाचे वाहक आहेत, त्यामुळे सोसायटीत सांगताना कुत्र्याचं नाव न काढताही काम होईल.

नीलाक्षी

माझ्याकडे दोन मांजरं आहेत. त्यांनाही होतो का? आणि डासांसाठी कुत्र्यांचा स्प्रे मांजरांना चालेल का? मैत्रिणीने लसूण खायला घालायला सांगितलं होतं, रक्ताचा वास डासांना आवडत नाही म्हणे.

निवृत्त_पशुवैद्य

लसूण अजिबात नाही, मांजराला नाही आणि कुत्र्यालाही नाही. लसूण-कांद्याने त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात, मांजरात विशेष लवकर. डास त्याने थांबत नाहीत.

परमेथ्रिन असलेला कुत्र्यांचा कुठलाही स्प्रे किंवा थेंब मांजराला लावू नका. तिला झटके येतात आणि ती मरू शकते. घरात कुत्रा-मांजर दोन्ही असतील तर कुत्र्याला लावल्यावर वाळेपर्यंत मांजर दूर ठेवा. माणसांची डास पळवणारी डीईईटीवाली क्रीम तर कुत्रा-मांजर कुणालाच नको. कुत्र्याला डेल्टामेथ्रिनचा पट्टा डासांपासून काही प्रमाणात वाचवतो, पण तो गोळीची जागा घेत नाही. चंदन, कडुनिंब, निलगिरीचं तेल यांवर विसंबून गोळी सोडलेले लोक मी पाहिले आहेत. तसं करू नये.

मांजराला हार्टवर्म होतो. कृमी एखाद-दुसरीच असते, पण लहानशा शरीरात तेवढीही पुरते. खोकला आणि दम्यासारखी धाप लागते, कधी अचानक मृत्यू येतो. मांजरात मोठी कृमी मारणारं सुरक्षित औषध नाही, मेलारसोमिन चालत नाही. तिच्यासाठी प्रतिबंध हाच उपाय, आणि तो मांजरासाठी बनवलेल्या सेलामेक्टिनच्या थेंबांनी होतो.

आनंदवल्लीची_माई

तारीख लक्षात राहावी म्हणून एक सुचवते. मी घरच्या कुत्रीला दर संकष्टीला गोळी देते. चंद्रोदय बघायला गच्चीवर जाते, त्याआधी तिला जेवण आणि गोळी. उपासामुळे संकष्टी माझ्याकडून कधी चुकत नाही. हे अंतर बरोबर आहे ना डॉक्टर?

निवृत्त_पशुवैद्य

अगदी बरोबर. दोन संकष्टींत २९-३० दिवसांचं अंतर पडतं, गोळीला हवं तेवढंच. अधिक महिन्यातही संकष्टी येतेच, त्यामुळे खंड पडत नाही.

मोगरा_देवळाली

आज बिजलीची दोन्ही तपासणी झाली. अँटिजेन निगेटिव्ह, मायक्रोफिलेरिया नाही. इथल्या डॉक्टरांना तेजपूरचा इतिहास सांगितल्यावर त्यांनी लगेच मिल्बेमायसिन असलेली गोळी मागवून दिली, आत्ताच दिली. पुढची तपासणी जानेवारीत, कार्डावर लिहून घेतली आहे. आमच्या लेनमध्ये ईशान्येकडून बदलून आलेली अजून दोन कुटुंबं आहेत, दोघांकडे कुत्री. त्यांना हा धागा पाठवला.

एक शेवटचं. गोळी दिल्यावर उलटी झाली तर? प्रवासात एकदा झालं होतं. आणि पुढे कधी तारीख चुकलीच तर काय करायचं?

निवृत्त_पशुवैद्य

छान झालं. गोळी जेवणाबरोबर द्या आणि गिळली का ते बघा, पुष्कळ कुत्री गालात धरून नंतर कोपऱ्यात टाकतात. तासा-दोन तासांत उलटी झाली आणि त्यात गोळी दिसली तर डॉक्टरांना फोन करून पुन्हा द्या.

काही दिवस उशीर झाला तर आठवल्या क्षणी द्या आणि पुढची तारीख तिथून मोजा. दोन महिन्यांहून जास्त खंड पडला तर गोळी सुरू करण्याआधी रक्त तपासा, आणि त्यानंतर सहा महिन्यांनी पुन्हा एकदा. पिल्लं आणलीत कधी तर आठव्या आठवड्यापासून सुरू करता येतं, तेव्हा आधी तपासणीची गरज नसते. मात्र पिल्लाचं वजन दर महिन्याला करा, वजनाचा गट बदलला की पाकीट बदलायचं.